उगमापासून हरिपुरापर्यंत

दिवाळीची सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्या घरीं दरवर्षीं एक वाद उपस्थित होतो. यंदा कोठें जावयाचें? एकत्र कुटुंब, लहानमोठीं मिळून तेरा माणसें. जितकीं तोंडें तितकीं मतें. मुलांना समुद्र हवा असतो. गणपतिपुळें, हर्णै, मालवण, गोवें हीं नांवें त्यांच्या जिभेवर सदैव तयार असतात. सुनांना थंड हवा हवी असते. आम्हां वृद्धांचें मागणें एवढेंच कीं, पाय फार दुखूं नयेत आणि जेवण घरच्यासारखें मिळावें. गेल्या खेपेस हा वाद ऐन रंगांत आला असतां आमच्या धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, आपल्या जिल्ह्याला समुद्र कां नाहीं?"

प्रश्न पोराचा, परंतु आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे घाटमाथ्याच्या पूर्वेस पडले. सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे समुद्र, अलीकडे आपण. अखेर आम्हीं त्यास सांगितलें, "बाळ, आपल्याला समुद्र नाहीं, पण किनारा आहे. तो कृष्णेचा. तो तरी आपण कोठें नीट पाहिला आहे?"

या उत्तरांतून बेत निघाला. पांच दिवसांची सवड, भाड्याची एक मोठी मोटार, आणि कृष्णेच्या उगमापासून आपल्या हरिपूरच्या संगमापर्यंत तिच्याच कांठाकांठानें उतरत यावयाचें. डोंगर पाहणारांस डोंगर मिळतील, पाणी पाहणारांस पाणी. तेरांपैकीं नऊ जणांनीं रुकार दिला. एकट्या आमच्या वहिनी गप्प राहिल्या.

त्यांच्या मौनाचें कारण सांगितल्यावांचून पुढील वृत्तांत वाचकांस समजावयाचा नाहीं. आमचें घर सांगलीच्या गांवभागांत, नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. २००५ सालच्या पुरांत पाणी ओटीवर येऊन गेलें. तेव्हां सर्वांस वाटलें कीं, याहून अधिक तें काय येणार! २०१९ च्या ऑगस्टांत तें आलें. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर काढणारी होडी उलटून कित्येक जीव गेले. आम्हां मंडळींस शेजारच्या गच्चीवरून होडींत घेतलें. आठवड्यानें परत आलों तेव्हां माजघरांत गुडघाभर चिखल होता.

आमचे थोरले बंधू त्यापूर्वीं चार वर्षें निवर्तले होते. त्यांच्या हातच्या टिपणांच्या वह्या, चाळीस वर्षांच्या, वहिनींनीं रुमालांत बांधून माळ्यावर ठेविल्या होत्या. माळ्यापर्यंत पाणी पोंचेल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. त्या वह्यांचा लगदा वहिनींनीं स्वतः दोन्ही हातांनीं उचलून अंगणांत आणून ठेविला. त्या रडल्या नाहींत. पण श्रावणी सोमवारीं हरिपुरास जाऊन संगमावर पाय धुवावयाचे आणि संगमेश्वराचें दर्शन घ्यावयाचें, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम त्या दिवसापासून मोडला. नदीचें नांवही त्यांनीं टाकलें. जन्मभर 'कृष्णाबाई' म्हणणाऱ्या वहिनी नुसतें 'पाणी' म्हणूं लागल्या.

त्यामुळें त्या येतील अशी आमची अपेक्षा नव्हती. परंतु निघावयाच्या दिवशीं पहांटे पाहतों तों त्या पिशवी घेऊन ओटीवर बसलेल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हें पाणी येतें तरी कोठून, तें एकदां पाहूं द्या."

महाबळेश्वर म्हटलें म्हणजे लोकांस बाजारपेठ, घोडे, वेण्णा तलावांतील नौका आणि स्ट्रॉबेरी एवढेंच आठवतें. सर जॉन माल्कम याच्या काळीं, १८२९ च्या सुमारास, साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्याशीं करार होऊन येथें साहेबलोकांची पेठ वसली.  आम्ही त्या गर्दींत एक रात्र काढली, मुलांच्या हट्टापायीं घोड्यांचे पैसेही दिले, आणि दुसरे दिवशीं सकाळीं पांचसहा किलोमीटरांवरील क्षेत्र महाबळेश्वरीं गेलों. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० फूट उंची. कार्तिकांतली कोंवळी थंडी. देवळाच्या दगडांवर अजून पावसाळ्याचें शेवाळ.

पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री अशा पांच नद्यांचे उगम एकत्र दाखवितात. पांचही धारा अखेर एका गोमुखांतून कुंडांत पडतात. मुलांस आम्हीं पुराणांतली कथा सांगितली. ब्रह्मदेवानें यज्ञ मांडला. थोरली पत्नी सावित्री हिला यावयास उशीर झाला म्हणून गायत्रीस शेजारीं बसवून संकल्प सोडला. सावित्री आली ती संतापली आणि देवांनो, तुम्ही पाणी होऊन वाहाल, असा तिनें शाप दिला. विष्णूची झाली कृष्णा, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. घरांतल्या एका रुसव्यांतून इतक्या नद्या निघाल्या हें ऐकून सुना एकमेकींकडे पाहून हंसल्या.

भूगोलही कथेइतकाच नवलाचा आहे. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोंकणांत जाते व थोडक्याच वाटचालीनें अरबी समुद्रास मिळते. कृष्णा त्याच डोंगरावर जन्मून त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि सुमारें १,४०० किलोमीटर चालून आंध्रांत बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या त्या लांबच्या वाटेवर आपलीं गांवें वसलीं, हें आपलें भाग्य म्हणावयाचें कीं दुसरें कांहीं, हें त्या दिवशीं आमच्यानें वहिनींदेखत बोलवेना.

पंचगंगेपासून थोडें चालून गेलें कीं कृष्णाबाईचें जुनें देऊळ लागतें. तेथें गर्दी नसते. काळ्या दगडाचें बांधकाम, पुढें कुंड, कुंडांत गोमुखांतून पडणारी धार, आणि खालीं कृष्णेचें सारें खोरें उघडें. धार करंगळीएवढी. वहिनी तिच्यापुढें बराच वेळ उभ्या होत्या. "एवढीशी?" त्या म्हणाल्या. मग पिशवींतून तांब्याचा झांकणाचा गडू काढून त्यांनीं तो भरून घेतला. कशासाठीं तें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.

पांचगणीवरून पसरणीचा घाट उतरतांना खालीं वांईचें खोरें दिसतें. उसाचीं व हळदीचीं हिरवीं शेतें, मध्यें कृष्णेची रेघ, आणि घाटावरचीं देवळें. वांई म्हणजे आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसाचें माहेर. प्राज्ञपाठशाळा येथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथले, मराठी विश्वकोशाचें काम त्यांनीं येथेंच बसून चालविलें. परंतु यंदा आम्ही तेथें पाहिलें तें निराळेंच. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ अगदीं नदीच्या पात्राला लागून आहे. एवढी प्रचंड मूर्ति आणि इतकी पाण्याजवळ! आम्हीं मुलांस घेऊन देवळाच्या पाठीमागें फेरा घातला. मागील भिंत सरळ नाहीं. माशासारखी निमुळती केलेली आहे. पूर आला म्हणजे लोंढा त्या टोंकावर दुभंगतो व दोन्ही बाजूंनीं निघून जातो. अडीचशें वर्षांहून अधिक काळ देऊळ त्या जागीं उभें आहे.

वहिनींनीं त्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. म्हणाल्या, "म्हणजे बांधणाऱ्यांस ठाऊक होतें, हें येणार म्हणून."

"ठाऊक होतें म्हणूनच अशी बांधली," आम्ही म्हणालों.

मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा व घाट येथून जवळच. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली तेव्हां आणलेली पोर्तुगीजांची भली मोठी घंटा तेथें टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्हीं बरोबरच्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ज्यांस उपहारगृहांचा कंटाळा आहे त्यांनीं ही जागा लक्षांत ठेवावी. मात्र उष्टें, कागद व पत्रावळी परत पिशवींत घालून न्याव्यात, ही आमची हात जोडून विनंति आहे.

तिसरा दिवस साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेलें हें शहर, शाहू छत्रपतींची राजधानी. येथें कंदी पेढे घेतल्यावांचून पुढें गेलें तर घरीं तोंड दाखवितां येत नाहीं. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनीं समर्थांच्या समाधीसाठीं सज्जनगड चढावा. प्रसादाची व मुक्कामाची सोय गडावर होते. आम्हीं मुलांस गडावर धाडलें आणि दुपारीं सर्व मिळून कासच्या पठाराची वाट धरली.

कास साताऱ्याहून सुमारें २५ किलोमीटर. जांभ्या खडकाचा उघडा माळ, त्यावर बोटभर मातीचा थर. आणि त्या बोटभर मातींत श्रावण-भाद्रपदांत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेचीं आसवें अशा फुलांचे ताटवे फुलतात. २०१२ मध्यें पश्चिम घाटाचा भाग म्हणून हें पठार जागतिक वारशांत गेलें. त्यानंतर माणसांचा असा लोट सुरू झाला कीं येणारांची संख्या बांधून द्यावी लागली. आम्ही गेलों तेव्हां फुलांचा हंगाम सरला होता आणि माळ पिंवळा पडला होता. कारवी मात्र एक सात वर्षांनीं फुलते असें नातीनें वाचलें होतें. पुढच्या खेपेस तिनें आम्हांस काठी धरून आणण्याचें कबूल केलें आहे.

पठार ओलांडून उतरलें कीं बामणोली येतें. डोंगरांच्या कुशींत दूरवर पसरलेलें निळें पाणी पाहून मुलें ओरडलीं, "समुद्र!" तो कोयना धरणाचा शिवसागर. १०५ अब्ज घनफूट पाणी त्यांत साठतें. त्यावर महाराष्ट्रांतले दिवे लागतात व कारखाने चालतात. आम्हीं होडी केली. मध्यावर गेल्यावर होडीवाल्यानें यंत्र बंद केलें आणि पाण्याकडे बोट दाखवून सांगितलें, "आज्याचं घर हितं खाली हाय बघा, मावशी. गाव, देऊळ, वड, समदं."

१९६० च्या दशकाच्या आरंभीं येथें पाणी अडविलें तेव्हां खोऱ्यांतलीं गांवेंच्या गांवें उठलीं. कित्येक घरें दूरच्या जिल्ह्यांत गेलीं. कित्येक डोंगरावर चार हात वर सरकलीं. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरचा भूकंप झाला व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. आम्ही ज्यास सहलीची जागा म्हणतों तिच्या तळाशीं असें कांहीं असतें. होडींत कोणी बोलेना. थोड्या वेळानें वहिनींनीं विचारलें, "मग तुम्ही इथेंच कसे राहिलांत?"

"कुठं जाणार? पाणी हाय म्हणून होडी हाय, होडी हाय म्हणून पोटाला हाय," तो म्हणाला. "पर आजी मरेस्तवर काठावर येत नव्हती."

वहिनी त्याकडे पाहत राहिल्या. परततांना मोटारींत हळूच म्हणाल्या, "आमचें घर निदान आठ दिवसांनीं वर आलें."

चौथ्या दिवशीं कऱ्हाड. येथें उत्तरेकडून कृष्णा आणि दुसरीकडून कोयना अशा दोघी समोरासमोर येऊन मिळतात व मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. अशी भेट क्वचितच दिसते. म्हणून तर त्यास प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाण १९८४ मध्यें निवर्तले. त्यांची समाधि याच वाळवंटाच्या कांठीं आहे. महाबळेश्वरीं एका कुंडांतून निघालेल्या दोघी बहिणी दोन खोरीं हिंडून येथें पुन्हां भेटतात. वेण्णा त्याआधींच साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेस मिळालेली असते.

येथें बसून आम्हीं नातवास सांगलीच्या पुराचें गणित समजाविलें. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. सांगलीस सहाशेंच्या आसपास. त्यामुळें सांगलींत ऊन पडलेलें असतां पूर येतो. घाटमाथ्यावर कोसळलेलें पाणी घेऊन माहुलीस वेण्णा येते, येथें कोयना येते, पुढें येरळा, हरिपुरास वारणा, वाडीस पंचगंगा. खालीं या साऱ्यांची दाटी झाली कीं पाण्यास पुढें सरावयास वाव राहत नाहीं, आणि तें आपल्या आळींत शिरतें. नातू ऐकत होता; पण उत्तर दिलें वहिनींनीं. "म्हणजे ती येते तेव्हां तिचें एकटीचें कांहीं नसतें. साऱ्या बहिणींचें ओझें तिच्या डोईवर असतें."

'ती' हा शब्द आम्हीं ऐकला. बोललों नाहीं.

कऱ्हाडहून सांगलीच्या वाटेवर वाळवें तालुक्यांत बहें नांवाचें गांव आहे. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक तेथें, कृष्णेच्या पात्रांतील बेटावर आहे. पाणी उतरलें म्हणजे देवळापर्यंत पायीं जातां येतें. कथा अशी कीं, प्रभु रामचंद्र येथें शिवलिंगाची पूजा करीत असतां कृष्णेस पूर आला. तेव्हां मारुतीनें त्यांच्या पाठीशीं बसून दोन्ही बाहू पसरले आणि प्रवाह दुभंगून दोहों बाजूंनीं लाविला. मधली जमीन कोरडी राहिली, तेंच हें बेट. आणि बाहूंवरून गांवाचें नांव बहें. मूर्तीचे हात पाणी अडविण्याच्या आविर्भावांत आहेत. कथेचा आणि वांईच्या त्या भिंतीचा अर्थ एकच, हें आमच्या आधीं नातीच्या ध्यानांत आलें.

बेटावर बसलों असतां वहिनींस आपोआप बोलावेंसें वाटूं लागलें. त्यांचें माहेर नरसोबाच्या वाडीकडचें. तेथें पुराचें पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहूं लागून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, त्यास दक्षिणद्वार म्हणतात, आणि तें साधावें म्हणून गांवोगांवचे लोक भर पावसांत स्नानास धांवतात. "लहानपणीं आईनें मला काखेंत घेऊन दक्षिणद्वारीं स्नान घातलें आहे," त्या सांगत होत्या. "देव बुडाले म्हणून तेथें कोणी रडत नाहीं. पुजारी उत्सवमूर्ति आधींच वरच्या जागीं नेऊन ठेवतात." थोडें थांबून म्हणाल्या, "मलाही वह्या वर नेतां आल्या असत्या. मी माळा पुरे म्हटलें."

इतक्या वर्षांत हें वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालें. आम्ही समजत होतों त्यांचा राग नदीवर आहे. तो त्यांचा स्वतःवर होता.

पांचव्या दिवशीं संध्याकाळीं घर गांठावयाचें तर मोटार थेट गांवभागांत न नेतां आम्हीं हरिपूरकडे वळविली. सांगलीहून हरिपुरास जाणारा तो चिंचांचा रस्ता, हळदीच्या पेवांचें तें गांव. 'शारदे'चे नाटककार गोविंद बल्लाळ देवल १८५५ मध्यें येथेंच जन्मले. जमिनींत खणलेलीं हीं पेवें हळद वर्षेंच्या वर्षें टिकवीत; २००५ च्या पुरानें त्यांचीही फार नासाडी केली. संगमेश्वराच्या देवळाखालीं पायऱ्या, समोर कृष्णा-वारणेचा संगम, पलीकडच्या तीरावर उसाचे फड. कार्तिकांतली नदी, निवांत, स्वच्छ म्हणण्याजोगी नव्हे, पण शांत.

वहिनी नातवाचा हात धरून पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनीं पिशवींतून गडू काढला, झांकण उघडलें, आणि उगमावरचें पाणी हळूहळू प्रवाहांत सोडलें. मग समोर बसलेल्या शेजारणीशीं बोलावें तशा साध्या आवाजांत म्हणाल्या, "बाई, तुझें तुला परत. यावयाचें तर माहेरवाशिणीसारखी ये. उंबऱ्याशीं थांबत जा हो." आणि त्यांनीं पाय धुतले.

असो. प्रवासवर्णनाच्या शेवटीं उपयोगाच्या दोन गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. ही वाट चालावयास कार्तिक-मार्गशीर्षासारखा काळ नाहीं. पाणीही असतें आणि रस्तेही कोरडे असतात. वृद्ध माणसें बरोबर असल्यास पांच दिवस अवश्य घ्यावेत. फुलांसाठींच कासला जावयाचें तर भाद्रपदांत जावें, मात्र प्रवेशाची नोंदणी आधीं करून. बरोबर एखादा झांकणाचा गडू असावा.

दुसरी गोष्ट आमच्या घरची. पूर पुन्हां येणार. २०२१ मध्यें आलाच होता. घर सोडून विश्रामबागेकडे उंचावर चला असें मुलें म्हणतात, आणि एखादे दिवशीं जावेंही लागेल. तूर्त आम्हीं एवढेंच केलें आहे कीं, पोथ्यांची पेटी, कागदपत्रें आणि बंधूंच्या हातची उरलेली एकुलती एक वही, जी पुतण्याकडे राहिल्यामुळें वांचली, हीं सर्व आषाढ लागतांच विश्रामबागेंतल्या नातलगांकडे तिसऱ्या मजल्यावर जातात व आश्विनांत परत येतात. वहिनी हा दिवस पंचांगांत पाहून ठेवितात. ढोल्या गणपतीची भिंत आम्हांस बांधतां येत नाहीं. तिची युक्ति तेवढी उचलली आहे.

गेल्या श्रावणांत पहिल्या सोमवारीं वहिनी हरिपुरास जाऊन आल्या. नातू बरोबर होता. नदीस बऱ्यापैकीं पाणी होतें, म्हणून वरच्याच पायरीवर पाय धुतले, असें त्यानें घरीं येऊन सांगितलें.